तीन बहिणींची कादंबरी आईच्या आजारपणात का अडकते

एका लेखिकेनं तिच्या कादंबरीविषयी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तासगावजवळचं गाव. वडील १९९९ मध्ये गेले, आई निवृत्त शिक्षिका, भाऊ नाही. थोरली सुनंदा १९९२ च्या मे महिन्यात लग्न होऊन कोल्हापुरात गेली. मधली रेखा बिनलग्नाची, पतसंस्थेत नोकरी करते आणि आईजवळ राहते. धाकटी मंजिरी पुण्यात. नवरा, मुलगा, नोकरी. आईला अर्धांगवायूचा झटका येतो. पंचावन्न हजार शब्द लिहून झालेत आणि वाचलेल्यांच्या तक्रारी तीन: तिघी एकसारख्या बोलतात, झटक्यानंतर दीडशे पानं काही घडत नाही, आणि शेवटी येणारं जमिनीचं प्रकरण पटत नाही. लेखिकेला वाटतंय की भावना आणखी खोल न्यायला हवी.

माझ्या मते भावना पुरेशा आहेत. उणीव आहे ती कामांच्या नोंदीची. अशा कादंबरीत झटका ही घटना दोन पानांत संपते. त्यानंतर घडत असतं ते घरातल्या कामांचं फेरवाटप, आणि ते कोणी ठरवून करत नाही. तुमच्या हस्तलिखितात हे फेरवाटप पानाबाहेर उरकलंय. रेखा आईचं करायला लागते, सुनंदा महिन्यातून एकदा येते, मंजिरी पैसे पाठवते, हे सगळं एका परिच्छेदात सांगून टाकलंत. खरं तर तिथे पाच-सहा प्रकरणं होती.

एक कागद घ्या आणि चार रकाने पाडा: काम, आधी कोण करायचं, आता कोण करतं, कोणी ठरवलं. कामं बारीक लिहा. ‘आईची काळजी’ असं लिहिलं तर काही हाती लागणार नाही. पेन्शनची स्लिप भरणं, कपाटाच्या किल्ल्या, डॉक्टरांशी बोलणं, दवाखान्याची फाइल सांभाळणं, पाहुण्यांना चहा, रात्री कूस बदलणं, द्राक्षबागेच्या वाटेकऱ्याचा हिशेब, नातेवाइकांना फोन, गौरी बसवणं. तीस-पस्तीस कामं सहज निघतील. मग चौथा रकाना भरायला बसा. बहुतेक ठिकाणी तो रिकामा राहील, कारण ‘रेखा आहेच की घरी’ हे वाक्य कोणी मोठ्यानं म्हणालेलंच नसतं. रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक ओळीत एक प्रसंग दडलेला आहे. सगळे लिहायचे नाहीत; ज्या कामावर दोघींचा हक्क आहे किंवा जे एकीलाही नको आहे, तेवढे निवडा.

किल्ल्यांचंच घ्या. झटक्याच्या रात्री आईच्या कमरेच्या किल्ल्या काढून कोणीतरी स्वतःजवळ ठेवते. तुम्ही हे लिहिलेलंच नाही. सुनंदा कोल्हापूरला परत जाताना त्या तिच्या पर्समध्ये राहिल्या, तर रेखाला दुसऱ्या दिवशी आईची दवाखान्याची जुनी कागदपत्रं काढता येणार नाहीत. आक्काला फोन करून किल्ल्या परत मागणं हा पहिला खटका. यात कोणी वाईट नाही, म्हणून तो वाचकाला लागतो.

आता आजार. हस्तलिखितात आईची उजवी बाजू गेली आहे, आणि पुढच्याच प्रकरणात ती थोरलीला लांबलचक उपदेश करते. उजवी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि उजव्या हातानं लिहिणाऱ्या बहुतेकांचं भाषेचं केंद्र तिथेच असतं. म्हणजे हात-पायासोबत बोलणंही जायची शक्यता मोठी. उपदेश हवाच असेल तर डावी बाजू लुळी करा. पण मी तसं करणार नाही, कारण गेलेलं बोलणं या कादंबरीला फार उपयोगी आहे. असे रुग्ण एकच शब्द सगळ्यासाठी वापरतात, नावांची अदलाबदल करतात, मनात एक असतं आणि तोंडून दुसरं निघतं आणि ते कळून चिडतात. पण वर्षानुवर्षं पाठ असलेलं कधी कधी शाबूत राहतं: अंक, वार, एखादं स्तोत्र. ही आई रामरक्षेच्या चार ओळी सलग म्हणेल आणि समोर बसलेल्या रेखाला ‘सुनंदा’ म्हणेल. रात्रंदिवस करणाऱ्या मुलीला आई थोरलीच्या नावानं हाक मारते. आजाराचं लक्षण म्हणून ते अचूक आहे आणि रेखाला ते लक्षण म्हणून घेता येत नाही. एवढं एक नीट लिहिलंत तर तुमची बारा पानांची आत्मचिंतनं काढून टाकता येतील.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वेळापत्रक निर्दय असतं, ते पानावर येऊ द्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. हवेची गादी असली तरी बदलायची. गिळता येत नसेल तर नाकातून नळी. नळीतून पातळ आहार दिवसातून सहा-सात वेळा थोडा थोडा, देताना आणि नंतर अर्धा तास डोकं उंच. आडवं ठेवून दिला तर तो छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. तुमच्या कथेत दुसऱ्यांदा इस्पितळात न्यायचं कारण ‘अचानक तब्येत बिघडली’ एवढंच आहे. त्याऐवजी हे कारण घ्या. रेखा कामावर गेली होती, ब्युरोची बाई आली नव्हती, त्या दिवशी पुण्याहून आलेल्या मंजिरीनं आहार दिला आणि लगेच आईला झोपवलं. कोणी ओरडत नाही. डॉक्टर विचारतात, ‘आडवं ठेवून दिलं होतं का?’ आणि दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता उभ्या राहतात. अनपेक्षित घटना एकच चालते, पहिली. दुसरी पहिलीच्या पोटातूनच निघायला हवी. मंजिरीच्या नवऱ्याचा अपघात त्यामुळे काढून टाका. तो केवळ गोष्ट हलावी म्हणून आलाय, हे वाचकाच्या लगेच लक्षात येतं.

पैशाची वाट अशीच बंद होते. आईचा उजवा हात गेला म्हणजे सही गेली. पेन्शन खात्यात पडत राहते, काढता येत नाही, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँकेत पैसे काढण्यासाठी सोय आहे: अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हा प्रसंग रेखाच्या नजरेतून लिहा. ती स्वतः पतसंस्थेत काउंटरवर बसते, असे ठसे तिनं शेकड्यांनी घेतलेत. चाळीस वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सही केलेल्या बाईच्या बोटाला शाई लावणारा अधिकारी तिचा विद्यार्थी निघाला तर ते जरा जास्त होईल, मोह आवरा.

जमिनीचं प्रकरण पटत नाही, कारण कादंबरीचं वर्ष ठरलेलं नाही. मोबाइल आहे, १०८ ची रुग्णवाहिका येते. ती महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. कुठे एसटीडी बूथ आहे, कुठे व्हॉट्सअ‍ॅप. हे किरकोळ वाटेल, पण तुमच्या कथेत वर्षावर तिघींचा हिस्सा ठरतो.

हे नीट समजून घ्या. महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मानं हक्क १९९४ मध्येच दिला, २२ जूनपासून. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि तिनं लग्नाचा भेद ठेवला नाही. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं घोळ होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की तशी गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेलं असेल, तर ते मात्र मोडत नाही.

आता तुमच्या तिघी घ्या. जमीन वडिलोपार्जित, काकांशी वाटणी आधीच झालेली, वडील मृत्युपत्र न करता गेले. कथा २००३ मध्ये घडत असेल तर सुनंदा लग्नामुळे १९९४ च्या कायद्याबाहेर. वडील गेले त्या दिवशी वाटणी झाली असं कागदावर मानायचं: वडील, आई, रेखा, मंजिरी, प्रत्येकी सोळा आण्यांतले चार आणे. मग वडिलांचे चार आणे आई आणि तिन्ही मुलींत सारखे, म्हणजे प्रत्येकीला एक आणा. आईचे पाच आणे, रेखाचे पाच, मंजिरीचे पाच, सुनंदाचा एक. तेच कथानक २०२१ मध्ये नेलं आणि मधल्या काळात वाटप झालेलं नसलं, तर पाच जणांत समान हिस्से धरून वडिलांचा हिस्सा पुन्हा चौघींत वाटला जातो आणि चौघींना चार-चार आणे येतात. हा ढोबळ हिशेब आहे. छापण्याआधी दिवाणी वकिलाकडून तपासून घ्या.

सातबाऱ्यावर चौघींची नावं एकाखाली एक लागलेली असतात. घरात सगळे धरून चालतात की सारखं आहे. पंचवीस वर्षं मोठेपणाचं ओझं वाहिलेल्या सुनंदाला वकील कागदावर पेन्सिलनं आकडे मांडून सांगतो की तुमचा एक आणा. का? तर धाकट्यांच्या आधी, वडिलांच्या शब्दाखातर, शिक्षण सोडून लग्न केलं म्हणून. हे वाक्य वकिलाच्या तोंडी घालू नका, तिच्याही नको. तो फक्त लग्नाची तारीख विचारतो. लग्नपत्रिकेवरची तारीख तिला तोंडपाठ असते.

मी २००३ निवडेन. तेव्हा तो निकाल नाही, दुरुस्ती नाही, आणि मोबाइलचे येणारे फोन नुकतेच फुकट होत होते, त्यामुळे बहिणी अजून मोजून-मापून बोलतात. शिवाय त्या वेळच्या कायद्यात आणखी एक काटा होता: घरात मुलगा वारस असेल तर राहत्या घराची वाटणी मुली मागू शकत नव्हत्या. २००५ ला ते कलम गेलं. तुमच्याकडे भाऊ नाही म्हणून ते लागू होत नाही, पण गावातला चुलत भाऊ हटकून म्हणणार, ‘पोरींना घर मागता येत नाही.’ अर्धवट माहिती ठामपणे सांगणारं पात्र अशा गोष्टीत लागतंच. तो बाग निम्म्या वाट्यानं करतो, म्हणजे त्याला बोलायचा अधिकार आहे असं त्याला वाटतं.

हक्कसोडपत्राचा प्रसंग तुम्ही दोन ओळींत आटोपलाय: तिघींनी जमीन रेखाच्या नावे केली. असं होत नाही. हक्कसोड नोंदणीकृत लागतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत लिहून देणारीनं समक्ष जायचं, ओळखीचे साक्षीदार न्यायचे. मग गावकामगार तलाठ्याकडे फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याची सही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, २००३ मध्ये तलाठीच लिहा.) हे पंधरा दिवस लेखकाला आयते मिळालेले आहेत. सही झालीय, पण अजून हरकत घेता येईल, आणि घरात गौरी आल्यात.

आईचं काय? तिच्या पाच आण्यांचं हक्कसोड ती देऊ शकत नाही. अंथरुणावरच्या माणसासाठी निबंधकाची गृहभेट मागता येते. पण दस्त समजून-उमजून देतेय असं त्याला वाटलं नाही तर तो नोंदणी नाकारतो, आणि विचारलेल्या प्रश्नाला रामरक्षेनं उत्तर देणारी बाई समजून देतेय असं कोण म्हणेल? तिला सगळं समजतंय, ही वाचकाला खात्री आहे. कुलमुखत्यारपत्राचीही तीच अडचण. दवाखान्यासाठी जमीन विकायची म्हटलं तर आपापला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण असा तुकडा घेणारा भाव पाडून मागतो. गिऱ्हाईक एकच: चुलत भाऊ. आणि बाग थांबत नाही. ऑक्टोबर छाटणी होऊन चाळीस दिवस झालेत, माल फुलोऱ्यात आहे, ढगाळ हवा, डाऊनी या बुरशीरोगाची भीती. फवारणीला पैसे कोण देणार? त्या भागात सगळं ‘छाटणीनंतर कितवा दिवस’ असं मोजतात. प्रकरणांना तारखांऐवजी ते आकडे दिलेत तर आईच्या आजाराचं आणि बागेचं कॅलेंडर एकाच दोरीत येईल.

गौरींचं वर म्हटलं. ज्येष्ठा-कनिष्ठा, दोन्ही बहिणी माहेरी येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. नेमक्या त्याच तीन दिवसांत सुनंदाच्या सासरी कोल्हापूरलाही गौरी असतात. म्हणजे माहेरी गौरी आल्या की माहेरवाशीण घरी येऊच शकत नाही. आईच्या घरच्या गौरी आता उभ्या कोण करणार? सून नाही. लग्न न झालेल्या मुलीनं करायच्या की नाहीत यावर भावकीतल्या बायका दोन तट करतील. काही घरी ‘बंद कराव्या’ म्हणतील. रेखानं करायच्या ठरवल्या आणि मुखवट्यांच्या पेटीची किल्ली सुनंदाकडे आहे, इतकंच बघा.

आवाजांविषयी. तिघींना ‘त्यागी, तापट, लाडकी’ अशी विशेषणं दिलीत की संवाद सारखेच येतात, कारण तीन विशेषणं वाचकालाही पाठ आहेत. सांगली-कोल्हापूरकडच्या मुली घरात ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिघी तशाच वाढल्या असणार. सुनंदा कोल्हापुरातच असल्यानं तिचं ‘येतो’ टिकलं. मंजिरीनं पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी ते सोडलं, सासरी तर नावच नको. रेखा पतसंस्थेत ‘येते’ म्हणते आणि उंबरा ओलांडला की ‘आलो’. नियम एकदा ठरवून सबंध पुस्तकात पाळा, कुठेही समजावून सांगू नका. मग अतिदक्षता विभागाबाहेर मंजिरी फोनवर नवऱ्याला ‘उद्या येते’ म्हणते आणि फोन ठेवून वळून रेखाला ‘मी थांबतो गं रात्री’ म्हणते, तेव्हा काय झालं ते वाचणाऱ्याला कळतं.

दुसरा फरक सर्वनामांचा. तुमचं सध्याचं:

‘आपण सगळ्यांनी मिळून आईची काळजी घेतली पाहिजे,’ सुनंदा म्हणाली.
‘हो, पण माझी नोकरी आहे,’ मंजिरी म्हणाली.
‘माझीही आहे,’ रेखा म्हणाली.

हे सभेचं इतिवृत्त झालं. असं करून बघा:

‘रात्रीची बाई बघू या आपण,’ आक्का म्हणाली.
‘बघू या म्हणजे मी बघायची ना?’
‘तसं कुठं म्हणलो मी?’
मंजिरीनं मोबाइल उलटा ठेवला. ‘पैशाचं सांगा मला. किती ते सांगा.’

थोरलीचं ‘आपण’ म्हणजे ‘तू’, हे या घरात तीस वर्षं ठरलेलं आहे. मधली दर वेळी ते खोडते. धाकटी सगळ्या प्रश्नांचं रकमेत भाषांतर करते, कारण अंतरावरून तेवढंच करता येतं. संबोधनंही तपासा: रेखा आणि मंजिरी थोरलीच्या नवऱ्याला ‘दाजी’ म्हणणार; मंजिरीच्या नवऱ्याला सुनंदा नाव घेऊन ‘राव’ लावेल, पण रेखा त्याला काय म्हणते? वयानं तो तिच्याएवढाच असेल तर ती बहुधा हाक मारणंच टाळते. हे टाळणं लिहा.

वयांचा तक्ता भिंतीवर लावा. सुनंदा १९६९ ची, मंजिरी १९७९ ची धरली तर थोरलीला बाहत्तरच्या दुष्काळातलं घर पुसटसं आठवेल, आणि धाकटी जन्मली तेव्हा आई नोकरीत कायम होऊन घरात दोन खोल्या वाढलेल्या असतील. दोघींनी वेगवेगळ्या आईवडिलांबरोबर बालपण काढलं म्हटलं तरी चालेल. भूतकाळ मात्र अर्ध्या पानाच्या वर नेऊ नका. झटक्यानंतर तुमच्याकडे सलग एकवीस पानं बालपण आहे. गोष्ट थांबलेली वाटते ती तिथे.

दृष्टिकोन तिघींना समान वाटू नका. सत्तर-पंचाहत्तर हजार शब्दांत, म्हणजे छापील अडीचशे पानांच्या आसपास, निम्म्याहून जास्त रेखाकडे राहू द्या. मंजिरीला तुटक, छोटी प्रकरणं, ती येते तेव्हाचीच. सुनंदाच्या मनात वकिलाच्या त्या भेटीपर्यंत शिरूच नका. तोपर्यंत ती वाचकालाही थोडी हुकमी, थोडी आपमतलबी वाटू दे. झटका पहिल्या आठ-नऊ हजार शब्दांत आला पाहिजे. सध्या तो बावीस हजारांवर आहे. कपाटात सापडणारं वडिलांचं पत्र काढा. त्यानं कळणारं सगळं पेन्सिलच्या आकड्यांनी कळलेलं असेल.

शेवटी आई जाते आणि तिघी मिठी मारतात. आई जाऊ दे, पण पुढचे तेरा दिवस लिहा, कारण शास्त्रानं तिथेही वाटप करून ठेवलंय: लग्न झालेल्या मुलींना आईवडिलांचं सुतक तीन दिवस, बिनलग्नाच्या मुलीला दहा. पुष्कळ घरांत आता सगळ्याच शेवटपर्यंत पाळतात, पण भावकीतलं एखादं वडीलधारं माणूस नियम काढणारच. चौथ्या दिवशी सुनंदा आणि मंजिरी न्हाऊन स्वयंपाकाला मोकळ्या, आणि ज्या घरात रेखानं रोजचा भात लावला तिथे तिला ओट्याला हात लावायला मनाई. सुनंदानं त्या दिवशी काय करायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मात्र ती बोलू नये. तिला किल्ल्या द्यायच्या असतील तर आधी पूर्ण पुस्तकभर त्या नेमक्या कुणाकडे होत्या हे प्रकरणवार तपासून घ्या. सध्याच्या मसुद्यात त्या सातव्या प्रकरणात रेखाकडे आहेत आणि नवव्यात आईच्या उशाखाली.